आपल्याच माऱ्यात बुडालेल्या नावा

भाईंदर पूर्वेला जेसल पार्कची चौपाटी म्हणून जी जागा ओळखली जाते तिच्यासमोर समुद्र नाही, खाडी आहे. वसईची खाडी. ओहोटी लागली की काठाला चिखल उघडा पडतो, भरती आली की तोच चिखल झाकून पाणी पायऱ्यांपर्यंत येते. समोर रेल्वेचे पूल दिसतात, त्यांच्यामध्ये पाणजू बेट. बेटावरची माणसे आजही बोटीने ये-जा करतात. पश्चिमेच्या बाजूला फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर ते वसई अशी रो-रो बोट सुरू झाली. मोटारी, रिक्षा, मोटारसायकली पोटात घेऊन ती पलीकडे जाते आणि परत येते. आम्ही याच भागात राहतो, उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवतो. संध्याकाळी वह्या तपासून झाल्या की पाय आपोआप खाडीकडे वळतात.

हा लेख ज्या कारणाने लिहावा लागला ते कारण मात्र खाडीवर नव्हे, वर्गात घडले. आमच्या सातवीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचे वडील पश्चिम बंगालमधल्या मालदा जिल्ह्यातून येऊन येथे बांधकामावर काम करतात. मुलाचे उर्दू अजून अडखळते, मराठी त्याहून अधिक. एके दिवशी मधल्या सुट्टीत भांडण झाले आणि दुसऱ्या मुलाने त्याला 'बांगलादेशी' म्हटले. शिवी द्यावी तसे म्हटले. ज्याने म्हटले तो आमचाच, ज्याला म्हटले तोही आमचाच. दोघांना समोर उभे करून आम्ही विचारले, "बांगलादेश कसा झाला, ठाऊक आहे?" दोघांनाही ठाऊक नव्हते. वर्गालाही नव्हते. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की शिक्षा देण्याआधी मुलाला काय ठाऊक नाही ते शोधा. तेव्हा शिक्षा बाजूला ठेवली आणि दुसऱ्या दिवशीच्या तासाला पुस्तक मिटून एका बोटीची गोष्ट सांगायचे ठरवले. ती सांगता सांगता एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या. येथे तीच हकीकत जरा नीट मांडत आहोत.

प्रथम एक साधी बाब. लढाईसाठी बांधलेले जहाज वेगळे आणि लढाईत ओढलेली प्रवासी बोट वेगळी. युद्धनौकेला पोलादी कवच असते, तिचे इंजिन पाण्याच्या रेषेखाली सुरक्षित ठेवलेले असते, तोफेचा धक्का सोसण्यासाठी तिचा सांगाडाच तसा घडवलेला असतो. प्रवासी बोटीचा पत्रा पातळ. तिचे सारे बांधकाम माणसे चढावीत, उतरावीत आणि भाडे निघावे या हिशेबाने केलेले. तिच्यावर तोफ बसवायची तर आधी डेकखाली आधार द्यावे लागतात, नाहीतर पहिल्याच बाराला फळ्या आणि पत्रे हादरतात. वर वजन वाढले की बोट डोलू लागते, म्हणून खाली वजन भरावे लागते. एवढे करूनही इंजिनघर उघडेच राहते. गोळा पत्र्यातून सरळ आत येतो.

मग अशा बोटी युद्धात घेतात कशाला? उत्तर नदीत आहे. मोठ्या युद्धनौकेला खोल पाणी लागते. नदी आणि खाडी यांत ती रुतते. प्रवासी बोट मात्र उथळ पाण्यातच वाढलेली असते. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६१ साली उत्तरेकडच्या सरकारने न्यूयॉर्कमधल्या चालत्या फेरीबोटी विकत घेतल्या, त्यांवर तोफा चढवल्या आणि दक्षिणेच्या नद्यांमध्ये पाठवल्या. 'कमोडोर पेरी' ही त्यांतलीच एक. या बोटींना दोन्ही टोके सारखी होती. धक्क्यावरून निघताना वळावे लागू नये म्हणून केलेली ती सोय अरुंद नदीत, दोन्ही काठांवरून गोळ्या येत असताना, जीव वाचवणारी ठरली. आणि गाड्या-घोड्यांसाठी मजबूत केलेल्या त्यांच्या डेकने तोफांचे वजनही पेलले.

दुसरे उदाहरण आपल्या माणसांच्या अधिक जवळचे आहे. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये तैग्रिस नदीच्या काठी कुत-अल-अमारा येथे इंग्रजांची फौज तुर्कांच्या वेढ्यात सापडली. त्या फौजेत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरे वाळवंटात उपाशी पडली होती. त्यांना धान्य पोहोचवण्यासाठी 'जुलनार' नावाच्या नदीतल्या प्रवासी आगबोटीला पत्रे ठोकून कवच करण्यात आले, पोटात २७० टन अन्नसामग्री भरण्यात आली आणि २४ एप्रिल १९१६ च्या रात्री तिला वेढ्याच्या दिशेने सोडण्यात आले. तुर्कांनी नदीवर आडवा तारदोर बांधला होता. बोट त्याला अडकली आणि पकडली गेली. तिच्यावरचे दोन मुख्य अधिकारी, फर्मन आणि काउली, यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पाच दिवसांनी, २९ एप्रिलला, कुत पडले. धान्य नदीत राहिले आणि शिपाई कैदेत गेले.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. कोकणातल्या जुन्या माणसांना बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी आठवतात. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघून रेवस, हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत त्या जात. चाकरमानी त्यातूनच गावी जायचे. कोकणी मुसलमानांच्या कित्येक घरांत तर या आगबोटी म्हणजे भाकरीच होती. कोणी खलाशी, कोणी तांडेल, कोणी सारंग, कोणी इंजिनात कोळसा टाकणारा. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने यांतल्या काही बोटी ताब्यात घेतल्या, त्यांवर छोट्या तोफा बसवल्या आणि गस्तीला लावल्या. 'रामदास' गेली, 'पार्वती' गेली, 'प्रभावती' गेली. कालपर्यंत ज्या डेकवर बोचकी, कोंबड्या आणि आंब्याच्या पेट्या ठेवल्या जात तेथे आता दारूगोळा आला.

'पार्वती' १९४१ च्या एप्रिलमध्ये तांबड्या समुद्रात सुरुंगावर आदळून बुडाली. तो शत्रूचा सुरुंग होता. युद्धात असे होते. 'प्रभावती'चे मात्र वेगळे झाले. ती १९३३ सालची, जेमतेम साडेपाचशे टनांची बोट. ८ डिसेंबर १९४१ या दिवशी ती अरबी समुद्रातून कराचीकडे निघाली होती, बरोबर पडाव होते. आदल्याच दिवशी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला होता. सगळ्या समुद्रावर भीती पसरली होती. प्रत्येक सावली जपानी वाटत होती. 'ग्लासगो' या इंग्रजी क्रूझरने लांबून 'प्रभावती' आणि तिला लागून असलेले पडाव पाहिले. त्या आकारात त्यांना पाण्यावर आलेली जपानी पाणबुडी दिसली. तोफा सुटल्या. 'प्रभावती' आपल्याच बाजूच्या गोळ्यांनी तळाला गेली.

'रामदास' युद्धातून सुखरूप परत आली. पुन्हा प्रवासी घेऊ लागली. स्वातंत्र्याला एक महिना राहिला असताना, १७ जुलै १९४७ रोजी, आषाढातल्या गटारी अमावस्येला गावी निघालेल्या माणसांनी भरलेली ती बोट रेवसजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. 'रामदास'ची आठवण कोकणात अजून आहे. 'प्रभावती'ची नाही. शत्रूने मारले तर पोवाडा होतो, समुद्राने गिळले तर हळहळ होते, पण आपल्याच माणसाने चुकून मारले तर त्याचे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नसते. मग त्यावर गप्प राहण्याची पद्धत पडते.

हीच पद्धत तीस वर्षांनी पुन्हा दिसली, आणि वर्गात सांगायची मुख्य गोष्ट तीच होती.

१९७१ च्या मार्च महिन्यात पूर्व पाकिस्तानात लष्कराने आपल्याच प्रजेवर बंदुका चालवल्या. त्या वेळी फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात 'मांग्रो' नावाची पाकिस्तानी पाणबुडी होती. तिच्यावरच्या बंगाली नौसैनिकांना रेडिओवरून बातम्या कळल्या. त्यांतले आठ जण पाणबुडी सोडून निघाले आणि स्पेनमार्गे एप्रिलमध्ये दिल्लीला पोहोचले. भारतीय नौदलाने त्यांच्या मदतीने बंगाली तरुणांचे एक पाणबुडे पथक उभे करायचे ठरवले. शिबिरासाठी जागा निवडली ती भागीरथीच्या काठची पलाशी. १७५७ साली सिराजउद्दौला जेथे हरला तेच ते प्लासीचे मैदान. या सगळ्या गुप्त कामाची सूत्रे ज्या अधिकाऱ्याकडे देण्यात आली त्यांचे नाव कमांडर मोहन नारायण सामंत. आडनाव मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. 'करंज' या पाणबुडीचे ते पहिले कप्तान होते. पाण्याखालची लढाई त्यांना ठाऊक होती.

शेतकऱ्यांची आणि कॉलेजातली पोरे पलाशीला रात्र रात्र पोहायला शिकली. छातीला गमछ्याने सुरुंग बांधायचा, पाठीवर पोहत जहाजाखाली जायचे, सुरुंग चिकटवायचा आणि परतायचे. इशारा रेडिओवरच्या दोन गाण्यांनी द्यायचा ठरला होता. पहिले गाणे लागले की तयार राहा, दुसरे लागले की निघा. १९७१ च्या ऑगस्टमध्ये, पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत एकाच रात्री स्फोट झाले. त्या एका रात्रीने जगाला कळले की पूर्व पाकिस्तानातील बंदरे सुरक्षित नाहीत.

पण पोहणाऱ्या पोरांनी सगळी नदी बंद होत नाही. त्यासाठी नावा हव्यात. बांगलादेशच्या हंगामी सरकारकडे एकही लढाऊ नाव नव्हती. तेव्हा कलकत्ता बंदराच्या ताब्यातल्या दोन नदीबोटी पुढे आल्या. 'पद्मा' आणि 'पलाश'. पद्मा म्हणजे तिकडची महानदी. पलाश म्हणजे आपला पळस. हुगळीत बंदराची कामे करणाऱ्या या दोन बोटी गोदीत नेऊन त्यांच्या डेकखाली आधार घालण्यात आले आणि त्यांवर ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसवण्यात आल्या. मिनिटाला शंभराहून अधिक गोळे फेकणारी ही तोफ मुळात विमानांविरुद्ध बनवलेली. शिवाय नदीच्या तळाशी पडून राहणारे सुरुंग टाकण्याची सोय केली गेली. १९७१ च्या ऑक्टोबर अखेरीस त्या मुक्तिवाहिनीच्या हाती आल्या. अधिकारी भारतीय नौदलाचे, खलाशी बंगाली. बांगलादेशच्या आरमाराची सुरुवात ही अशी, दोन कामकरी बोटींनी झाली.

नोव्हेंबरमध्ये या नावांनी मोंगल्याकडे जाणाऱ्या पशुर नदीच्या तोंडाशी सुरुंग पेरले. चालण्याची वेळ भरतीची, लपण्याची वेळ ओहोटीची. सुंदरबनातल्या खाड्या ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांनी आमच्या जेसल पार्कची खाडी डोळ्यांसमोर आणावी, काठच्या तिवराच्या झाडांसकट, आणि तिला शंभर फाटे फुटले आहेत असे समजावे. एक फाटा चुकला की नाव चिखलात. वाट जाणणारा माणूस येथे तोफेपेक्षा महत्त्वाचा. तो बंगाली खलाशी होता.

डिसेंबरात उघड युद्ध सुरू झाले. सामंतांनी आपला छोटा ताफा सिद्ध केला. 'पद्मा', 'पलाश' आणि तिसरी 'पनवेल'. होय, आपल्या रायगडातल्या पनवेलचे नाव धारण करणारी भारतीय नौदलाची सोव्हिएत बनावटीची गस्ती नौका, कप्तान लेफ्टनंट कमांडर नोरोन्हा. सोबत सीमा सुरक्षा दलाची 'चित्रांगदा' ही बोट. ६ डिसेंबरच्या सुमारास हा ताफा इच्छामतीच्या काठच्या हसनाबादेहून निघाला. सुंदरबनातून वाट काढत तो मोंगल्याला पोहोचला. तेथे फारसा प्रतिकार झाला नाही. मग पुढचे लक्ष्य खुलना. तेथे पाकिस्तानी नौदलाचा तळ होता, त्याचे नाव 'तितुमीर'. ज्याने १८३१ साली बांबूचा किल्ला उभारून इंग्रजांशी आणि जमीनदारांशी टक्कर घेतली त्या बंगाली शेतकरी पुढाऱ्याचे हे नाव. बंगालला दाबण्यासाठी वापरलेल्या तळाला बंगाली बंडखोराचे नाव! इतिहास शिकवताना अशी जागा आली की मुले हसतात. आम्ही त्यांना हसू दिले.

१० डिसेंबर १९७१. दुपारच्या सुमारास तिन्ही नावा रूपसा नदीतून खुलन्याच्या गोदीजवळ आल्या. तेव्हा वर विमाने दिसली. ती भारताची होती. नावांच्या वरच्या भागाला पिवळा रंग दिलेला होता, तो मुद्दाम एवढ्यासाठीच की वरून आपल्या वैमानिकांना आपली नाव ओळखता यावी. हवाई दलाला निरोप गेलेला होता. तरीही विमाने खाली झेपावली. आधी 'पद्मा'ला मार बसला, मग 'पलाश'ला. विमाने पाडण्यासाठी बनवलेली तोफ दोन्ही नावांवर होती. पण आपल्याच विमानावर ती चालवायची कशी?

'पलाश'च्या इंजिनघरात मोहम्मद रुहुल अमीन होता. नोआखाली जिल्ह्यातल्या बाघपाचरा गावचा. १९५३ साली नौदलात गेलेला, इंजिनाचा जाणकार कारागीर. १९७१ च्या वसंतात चितगावचा पाकिस्तानी नाविक तळ सोडून मुक्तिवाहिनीत आलेला. वय छत्तिशीच्या आसपास, म्हणजे आमच्याच वयाचा. नाव सोडून पाण्यात उड्या घ्या, असा हुकूम आला. बरेच जण उतरले. रुहुल अमीन उतरला नाही. एवढ्या कष्टाने मिळालेली नाव, तिचे इंजिन चालू ठेवले तर ती वाचेल असे त्याला वाटत होते. पातळ पत्र्याच्या त्या इंजिनघराला मारा लागला. आग भडकली. बांगलादेशात असे सांगितले जाते की तो जखमी अवस्थेत पोहत काठाला लागला आणि काठावर रझाकारांनी त्याला ठार मारले. रूपसेच्या काठावरच त्याची कबर आहे. १९७३ साली बांगलादेशाने ज्या सात शहिदांना 'बीरश्रेष्ठ' हा सर्वोच्च सन्मान दिला त्यांत नौदलाचा तो एकटा. पुढे नौदलाने आपल्या जहाजालाही त्याचे नाव दिले.

त्याच पाण्यात हरियाणाचा चिमण सिंग यादव हा भारतीय नौसैनिक होता. त्याची नाव बुडाली, अंगात लोखंडाचे तुकडे शिरले. काठावरून गोळ्या येत होत्या. त्याने बुडणाऱ्या साथीदारांना काठापर्यंत आणले आणि साथीदारांना निसटता यावे म्हणून स्वतः शत्रूवर धावून गेला. तो पकडला गेला आणि युद्ध संपल्यावर सुटला. त्याला महावीर चक्र मिळाले. सामंतांना आणि नोरोन्हांनाही मिळाले. 'पनवेल' वाचली होती. तिने पाण्यातली माणसे उचलली आणि लढाई सोडली नाही. खुलन्याच्या फौजेने शरणागती पत्करली ती १७ डिसेंबरला, ढाका पडल्याच्या दुसऱ्या दिवशी.

या गोष्टीला आपल्याकडे जागा का मिळाली नाही? एक कारण दिवसांचे आहे. ४ डिसेंबरला कराचीवर हल्ला झाला, तो दिवस नौदल दिन झाला. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ 'खुकरी' बुडाली, १९४ माणसे गेली, कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबर गेले. त्या मोठ्या दुःखाच्या दुसऱ्याच दिवशी खुलन्याला दोन छोट्या नदीबोटी बुडाल्या. पण दुसरे कारण तेच, 'प्रभावती'चे. मारणारा आपला होता. सामंतांनी आणि पत्रकार संदीप उन्नीथन यांनी लिहिलेले या मोहिमेवरचे पुस्तक २०१९ साली बाहेर आले. त्याच वर्षी सामंतांचे मुंबईत निधन झाले. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक गेले.

आम्ही वैमानिकांना दोष देत नाही. शेकडो मैलांच्या वेगाने जाणाऱ्या विमानातून नदीवरची नाव बोटाच्या पेराएवढी दिसत असेल. शत्रूच्या बंदराजवळ दिसलेली नाव शत्रूचीच, हे मन आधी ठरवते आणि डोळा नंतर पाहतो. 'ग्लासगो'च्या तोफखान्यानेही हेच केले होते. भीतीच्या दिवसांत माणूस रंग पाहत नाही, आकार पाहतो.

येथे आम्हाला स्वतःविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. ही गोष्ट आम्ही उर्दूतून सांगत होतो, आणि त्या युद्धाच्या मुळाशी उर्दूच उभी आहे. मार्च १९४८ मध्ये ढाक्यात जिनांनी जाहीर केले की पाकिस्तानची राष्ट्रभाषा उर्दू आणि फक्त उर्दूच. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बंगालीसाठी रस्त्यावर आलेल्या विद्यार्थ्यांवर ढाक्यात गोळ्या चालल्या. तोच दिवस युनेस्कोने १९९९ मध्ये मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला. दरवर्षी आमच्या शाळेत तो दिवस उर्दूच्या प्रेमाने साजरा होतो. तो कोणत्या भाषेसाठी आणि कोणत्या भाषेच्या सक्तीविरुद्ध पडलेल्या रक्ताचा आहे, हे मात्र आम्ही मुलांना कधी सांगितले नव्हते. ही चूक आमची.

दोष उर्दूचा नाही, तिला दंडुक्यासारखी वापरणाऱ्यांचा आहे. 'रझाकार' या शब्दाचा अर्थ स्वयंसेवक. मराठवाड्यातल्या वाचकांना या शब्दाने काय होते ते सांगायला नको. पण हैदराबादेत ऑगस्ट १९४८ मध्ये याच रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल ज्याला रस्त्यात मारले गेले तो शोएबुल्ला खान 'इमरोज' या उर्दू दैनिकाचाच संपादक होता. उर्दू दोन्हीकडे होती. मारणाऱ्याच्या तोंडी होती, तशी मरणाऱ्याच्या लेखणीतही. आणि १९७१ नंतर बांगलादेशात राहिलेल्या उर्दूभाषक बिहारींचे काय झाले? त्यांच्यातल्या कित्येकांनी पाकिस्तानी लष्कराची साथ केली होती, पुष्कळांनी केली नव्हती. सूड मात्र भाषा ऐकून घेतला गेला. जे वाचले ते छावण्यांत राहिले. त्यांचे नागरिकत्व तेथील न्यायालयाने स्पष्टपणे मान्य केले ते २००८ साली. तेथेही रंग कोणी पाहिला नाही, आकार पाहिला.

ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्ता उलथली. तेव्हापासून १९७१ नक्की कोणाचे, यावर तिकडे नव्याने भांडण आहे, आणि इकडे 'बांगलादेशी' हा शब्द आणखी स्वस्त झाला आहे. नाक्यावर मजुरी शोधणारा, तोंडातून बंगाली शब्द निघाला की आधी आकाराने ओळखला जातो. तो मालद्याचा की मुर्शिदाबादचा, त्याच्या खिशात कोणता कागद आहे, हा पिवळा रंग नंतर. कधी कधी नंतरसुद्धा नाही.

तास संपत आला तेव्हा मालद्याच्या त्या मुलाने हात वर केला. त्याला एकच विचारायचे होते. "सर, तो रुहुल अमीन बंगालीत बोलायचा?" आम्ही म्हटले, होय. "आणि बोट आपली होती?" होय, बोट कलकत्त्याची होती. तो खाली बसला. ज्याने शिवी दिली होती तो मुलगा वहीत काहीतरी काढत होता. जवळ जाऊन पाहिले तर एक बोट होती, वर तोफ होती आणि छपराला त्याने पेन्सिलीने आडव्या रेघा मारल्या होत्या. आम्ही विचारले, हे काय? तो म्हणाला, "पिवळा रंग आहे सर. माझ्याकडे पिवळी पेन्सिल नाही." शेजारच्या बाकावरून एक पिवळा खडू पुढे आला. तो कोणी दिला हे येथे लिहायला आम्हाला आवडले असते, पण तो मालद्याच्या मुलाने नव्हे, तिसऱ्याच कोणी दिला. त्या दोघांची मैत्री झाली असेही नाही. मात्र तो शब्द वर्गात पुन्हा ऐकू आलेला नाही.

आता आम्ही एक नेम केला आहे. १० डिसेंबरला सकाळच्या परिपाठात दोन मिनिटे 'पद्मा' आणि 'पलाश'ची हकीकत सांगायची, आणि आदल्या परवाच्या ८ तारखेची 'प्रभावती'चीही. मुलांना घेऊन खाडीवर जायचे. रो-रो बोट वसईहून येते, तिची पुढची फळी खाली पडते, माणसे आणि गाड्या उतरतात. सगळे आपापल्या घरी जातात. बोटीचे खरे काम हेच. तिच्यावर तोफ चढवण्याची वेळ कोणत्याही खाडीवर न येवो, आणि आलीच तर वरून पाहणाऱ्याला तिचा रंग दिसो, एवढीच दुआ.